एकशे अठरा क्रमांकाची बरगडी

पदनाम: परिचर, प्राचीन प्राणी दालन. वर्ग: चौथा. नियुक्ती: कायम. उंची: पाच फूट चार इंच, शिडीसह अकरा फूट. कर्तव्ये: दालन उघडणे, दालन बंद करणे आणि मधल्या वेळात प्रेक्षकांना हात लावू न देणे. विशेष कौशल्य: निरंक. वर्तन: समाधानकारक. शेरा: सदर कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे एक अस्थी (क्र. ११८, बरगडी, डावी, अपूर्ण) गहाळ झाली असून कर्मचाऱ्याने तसे लेखी मान्य केले आहे.

एवढ्या मजकुरात एक माणूस मावतो अशी संग्रहालयाची समजूत आहे, आणि एकतीस वर्षांत त्यावर कुणी हरकत घेतलेली नाही. खुद्द परिचरानंही नाही.

दालन तळमजल्यावर. छताला काचेच्या झडपा आहेत; त्यांतल्या दोन उघडत नाहीत आणि एक बंद होत नाही. मधोमध म्हातारी उभी. कागदोपत्री ती 'हत्तीच्या कुळातील नामशेष जातीची, पूर्ण वाढ झालेली मादी'. पण जिला रोज झाडायचं-पुसायचं तिला इतक्या लांब नावानं कोण हाक मारणार? नदीकाठच्या वाळूच्या खाणीत ती सापडली. सगळी नाही सापडली. शेपटीचा शेंडा, उजव्या पुढच्या पायाची बोटं आणि कवटीची मागची बाजू प्लास्टरची आहे. प्लास्टर मुद्दाम जरासं फिकट रंगवलेलं: सहा फुटांवरून कळू नये आणि सहा इंचांवरून लपू नये, असा या धंद्यातला दंडक. प्लास्टरला क्रमांक नसतो. क्रमांक फक्त खऱ्या हाडाला.

लोक येतात, मान वर करतात आणि दोनच प्रश्न विचारतात. "ही खरी आहे का हो?" आणि "मेली कशानं?" पहिल्याला परिचर म्हणतो, "बरीचशी." दुसऱ्याला म्हणतो, "वयानं." दोन्ही उत्तरं त्याची स्वतःची आहेत.

सुट्टीच्या दिवशी, दालन बंद असताना, तो शिडी लावून म्हातारीला साफ करी. मऊ केसांचा ब्रश, हवा मारायचा रबरी फुगा आणि खांद्यावर फडकं. सुरुवातीला कँटीनमध्ये त्याला 'हाडवैद्य' म्हणत. पुढं चौकशी झाली आणि नाव बदललं. तेव्हापासून आजपर्यंत तो 'एकशे अठरा'. "ए एकशे अठरा, चहा सांगू का?" यात आता कुणाला काही टोचत नाही. नवीन लागलेल्यांना तर वाटतं, हा त्याच्या खोलीचा नंबर असावा.

त्याची बायको याच इमारतीत कामाला होती. कायम नव्हे, कायम असायला जी चिकाटी लागते ती तिच्यात होती, वशिला नव्हता. हाडांवर क्रमांक घालायला तिला हंगामी घेतलं होतं. काम दिसायला सोपं. हाडाच्या आतल्या अंगाला, लोकांना दिसणार नाही अशा जागी, नखाएवढा पांढरा रंग लावायचा. तो वाळला की बारीक टाकानं काळ्या शाईत आकडा काढायचा. वर पातळ रोगणाचा हात. हात हलला की सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. तिचा हात हलत नसे. शून्य ती दोन टप्प्यांत काढी, म्हणून डोक्यावर केसाएवढी फट राही. नऊची शेपटी ती जरा आखडती घेई. नवरा-बायको एकाच छपराखाली दिवसभर आणि घरी रात्रभर, त्यामुळे पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. तिच्या हातचं म्हणून त्याच्याकडे जे काही होतं ते आकड्यांतच होतं.

हाडं जड. ती लिहायची आणि तो धरायचा. त्याच्या कर्तव्यांच्या यादीत हे नव्हतं, पण दालन तेव्हा तयार व्हायचं होतं आणि बंद दालनात प्रेक्षकांना हात लावू न देणं हे काम त्याला लवकर उरकत असे.

बरगड्यांवर काम चालू होतं तेव्हा तिला पाचवा महिना होता. मुलगी चार वर्षांची झालेली. आता एक भाऊ आला की झालं, असं मुलीनंच जाहीर करून टाकलं होतं. कार्यशाळेच्या लांब टेबलावर गोणपाट अंथरून बरगड्या ओळीनं मांडलेल्या. एकशे सतरा लिहून तिनं टाक खाली ठेवला.

"अहो, जरा बसते मी."

ती बसलेलीच होती. म्हणून त्यानं वर बघितलं.

पेट्या वाहायची संग्रहालयाची गाडी दारात होती, तिच्यातून तिला दवाखान्यात नेलं. तिथं जे व्हायचं ते संध्याकाळपर्यंत झालं. मुलीला मावशीकडे ठेवलं. रजेच्या अर्जावर त्यानं लिहिलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. कुणाच्या प्रकृतीच्या, ते कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी महिना सांगितला होता. ती अकराव्या दिवशी कामावर आली. "घरी बसून काय करू? भिंती मोजू?" एवढंच म्हणाली. टेबलापाशी बसली, टाक शाईत बुडवला, शेवटच्या हाडाकडे एकदा बघितलं आणि पुढच्या बरगडीवर लिहिलं: एकशे एकोणीस.

हाड त्याच्याच हातात होतं. पण त्या दिवशी तो आकड्याकडे बघत नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता.

पुढं ती एकशे त्र्याऐंशीपर्यंत गेली. एकदाही हात न हलता. मग हेडक्लार्क रजिस्टर घेऊन बसले. हेडक्लार्क म्हणजे हाडाचे कारकून. एखादी ओळ कोरी राहिली तर त्यांना जेवण जात नसे. एकशे सतरा डावी बरगडी, एकशे एकोणीस डावी बरगडी, मधलं हाड टेबलावर नाही. गेलं असेल कार्यशाळेत डागडुजीला, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि लिहून टाकलं: '११८. बरगडी, डावी, अपूर्ण.' 'अपूर्ण' हा शब्द त्यांनी सावधगिरी म्हणून घातला. इतक्या जुन्या प्राण्याबद्दल तो शब्द सहसा चुकत नाही.

अशा रीतीनं म्हातारीला एक बरगडी जास्तीची झाली.

दोन वर्षांनी वस्तुपडताळणी आली. मोजणाऱ्यांनी शिडीवर चढून, आरसा धरून, बॅटरी मारून एकेक क्रमांक वाचला. रजिस्टरात एकशे त्र्याऐंशी, अंगावर एकशे ब्याऐंशी. त्या वेळचे संचालक नाण्यांचे जाणकार. हत्तीला बरगड्या किती हे कुठल्याही नाण्यावर लिहिलेलं नसतं. तेव्हा हाड गेलं, हे त्यांनी मान्य केलं आणि चौकशी लावली.

क्रमांक घालतानाची रोजनिशी आणायला परिचरालाच भांडारात पाठवलं. परत येताना जिना चढता चढता त्यानं ती उघडली. बायकोच्या अक्षरात रोजची एक ओळ: तारीख आणि आकडे. एका ओळीत '१०४ ते ११७'. खालच्या ओळीत अकरा दिवसांनंतरची तारीख आणि '११९ ते १३१'.

तो जिन्यावरच बसला. किती वेळ, ते त्याला पुढंही सांगता आलं नाही. मग रोजनिशी सदऱ्याच्या आत घालून वर गेला आणि म्हणाला, "सापडत नाही."

"मग हाड कुठं गेलं?" संचालक.

"माझ्याच हातून फुटलं असावं, साहेब. साफ करताना."

"असावं म्हणजे?"

"फुटलं."

"तुकडे?"

"कचऱ्यात गेले."

संचालकांनी चष्मा काढला. इतकं लवकर कुणी कबूल होईल अशी त्यांची तयारी नव्हती. अजून नऊ प्रश्न शिल्लक होते. त्याच्याकडून लेखी घेतलं. तो वर्ग चारमध्येच राहील असं ठरलं. कँटीनमध्ये महिनाभर एकच विनोद चालला: "घरी कुत्रं पाळलंय काय रे?" मुलीच्या वर्गात हेडक्लार्कांचा मुलगा होता, त्यानं तिला 'हाडचोराची पोरगी' करून टाकलं. ती सहा वर्षांची होती. घरी येऊन तिनं दप्तर फेकलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही कशाला घेतलं त्यांचं हाड?"

बायकोनं मात्र कबुलीवर विश्वास ठेवला नाही.

"तुमच्या हातून फुटणार? तुम्ही चहाचा कप ठेवता तोही झोपलेलं मूल ठेवावं तसा," ती म्हणाली. "भ्यालात तुम्ही. हाड इथंच कुठंतरी आहे. मी लिहिलंय म्हणजे आहे."

आणि ती शोधायला लागली. जेवणाच्या सुट्टीत डबा चार घासांत संपवायचा आणि बॅटरी घेऊन भांडारात शिरायचं. पेट्यांमागं, रद्दीखाली, जिन्याखालच्या खोलीत. तो तिच्या मागून जाई. रोज ठरवून जाई की आज सांगायचंच: अगं, हाड नव्हतंच, तुझ्या मोजण्यातून एक आकडा गेला. एवढंच तर वाक्य. पण त्या वाक्याच्या शेवटी ती विचारणार, कधी? आणि मग तारीख सांगावी लागणार.

एकदा तो अगदी तोंड उघडायच्या बेतात होता. ती तिसऱ्या कपाटापुढं गुडघ्यांवर बसून, गाल फरशीला लावून, कपाटाखाली उजेड मारत होती. तशीच, मान न वळवता, म्हणाली:

"एवढुशी असेल हो. अपूर्ण म्हटलंय ना. पडली असेल कुठल्या कोपऱ्यात. कुणी बघितलंच नसेल."

तो तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला, गाल फरशीला लावला आणि तोही शोधायला लागला.

इतर दालनांच्या क्रमांकांसाठी वाढवत आणलेली तिची हंगामी नेमणूक दीड वर्षानं संपली. त्यानंतर ती संग्रहालयात आली नाही, पण तो संध्याकाळी घरी पोचला की चपला काढायच्या आत विचारी, "सापडली?" तो म्हणे, "नाही." दूध तापलं का, कुलूप लावलं का, तसाच तो प्रश्न झाला. वर्षं गेली. मुलगी शिकली, दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामाला लागली. हाडांचा संबंध घरातून काही सुटला नाही. तिचं लग्न झालं. एखाद्या संध्याकाळी बायको विचारायला विसरे, मग तो उगीचच चपलांपाशी रेंगाळे आणि आपणहून सांगे, "नाही सापडली आजही."

दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडली. शेवटच्या आठवड्यात फारसं बोलत नव्हती. एका दुपारी डोळे उघडून म्हणाली, "तिसऱ्या कपाटाच्या मागं बघितलंत का? खाली नव्हे, मागं."

"बघतो," तो म्हणाला.

त्यांचं हे शेवटचं बोलणं. एकोणतीस वर्षांच्या संसाराचं.

तेरावं-चौदावं काही न बघता पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो भांडारात गेला आणि दोन पहारेकऱ्यांना हाताशी घेऊन तिसरं कपाट भिंतीपासून ओढलं. मागं एक कंगवा, दोन जुनी प्रवेशतिकिटं आणि एक वाळलेली पाल होती. तीही अपूर्ण.

"काय शोधतोयस रे?" एका पहारेकऱ्यानं विचारलं.

"सांगितलं होतं बघायला," परिचर म्हणाला.

यंदा म्हातारीचा आतला लोखंडी सापळा गंजला म्हणून तिला उतरवलं. त्यासाठी नव्या शास्त्रज्ञ बाई आल्या. वयानं त्याच्या मुलीहून लहान, हत्तीच्या पायाच्या हाडाला बिनदिक्कत मिठी मारून उचलणाऱ्या. आता शाईचे आकडे नकोत, छापील चिकट्या लावायच्या, असं ठरलं. जुने आकडे कापसाच्या बोळ्यानं, द्रावण लावून पुसायचे.

"काका, तुमचा हात स्थिर आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हीच पुसा. चार महिन्यांत होईल ना?"

चार महिन्यांनी तो निवृत्त व्हायचा होता. "होईल," तो म्हणाला.

तो पुसायला लागला. आधी रोगण सुटे, मग शाई पसरे, मग पांढऱ्या रंगासकट सगळंच कापसावर येई. दिवसाला दोन आकडे. बाई म्हणाल्या, जरा हात उचला. त्यानं तीन केले. वापरलेले बोळे डब्यात टाकायचे असतात, ते तो टाकायचा. पण झाकण लावायच्या आधी जरा वेळ बघत राहायचा.

बाईंनी प्रत्येक हाड यंत्राखाली घातलं, संगणकावर म्हातारी पुन्हा उभी केली, आणि एका सकाळी त्या जवळजवळ पळतच आल्या.

"काका! बरगडी हरवलीच नव्हती!"

त्याच्या हातात कापूस होता.

"बरगड्या जोडायचे पाठीचे मणके एकोणीस. डावीकडं एकोणीसही बरगड्या जागेवर आहेत. विसावी बसवायची कुठं? हे हाड कधी नव्हतंच! क्रमांक घालणाऱ्यानं एक आकडा गाळला, बस्स. आणि तुम्ही फुटलं म्हणून लिहून दिलंत? का?"

"साहेब रागावले होते."

"समितीपुढं ठेवते मी. शेरा पुसून निघेल. फक्त त्यांना तारीख लागेल, चूक कधी झाली, कोणत्या परिस्थितीत झाली. नुसता माझा निष्कर्ष चालत नाही. कागदावरचं हाड कागदानंच काढावं लागतं. रोजनिशी असेल ना कुठं?"

परिचरानं बोळा डब्यात टाकला. मग म्हणाला, "नाव येईल का? क्रमांक घालणाऱ्याचं?"

"येणारच. पण इतकी जुनी गोष्ट. कोण होतं ते, माहीत आहे तुम्हाला?"

"आहे."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या हाडाकडे आणि अर्ध्या पुसलेल्या आकड्याकडे. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. "निवृत्तीच्या आधी कळवा," एवढंच म्हणाल्या. "शेवटचा शब्द तुमचा."

ही बातमी मुलीला कशी कळली कोण जाणे. पहारेकऱ्यांच्या पोटात काही राहत नाही. रविवारी तो जेवायला बसला असताना ती आली, ती भांडायच्या तयारीनंच.

"चोवीस वर्षं, बाबा! चोवीस वर्षं तुम्हाला माणसं आकड्यानं हाक मारतात. शाळेत मला काय म्हणायचे, आठवतंय?"

"आठवतंय."

"मग द्या ना ती वही. तुमच्याकडेच आहे, मला माहीत आहे. तुम्ही कधी काही टाकलंय का?"

"तुझ्या आईचं नाव खराब होईल."

"आई असती ना, तर तिनंच तुमच्या हातातून ओढून नेऊन दिली असती!"

"म्हणून तर तिला सांगितलं नाही," परिचर म्हणाला.

मुलीनं कपाट उघडलं. आईच्या कपड्यांखाली वही होती. तिला शोधावीही लागली नाही. टेबलापाशी उभ्या उभ्या तिनं पानं उलटली आणि बोट ठेवलं. "हे बघा. एकशे सतरा. आणि इथं एकशे एकोणीस. इतकं स्वच्छ आहे, आणि तुम्ही..."

बोट दोन तारखांवर थांबलं. एकावरून दुसऱ्यावर गेलं, पुन्हा पहिल्यावर आलं. ती ओठांत मोजत होती.

"बाबा," ती म्हणाली, आता अगदी हळू, "मला मावशीकडं ठेवलं होतं ते कधी?"

त्यानं ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला.

"मी रडत होते, आणि मावशी म्हणायची, आई दमलीय. आणि मी विचारायचे, बाळ..."

तो तुकडा चावत राहिला.

मुलगी खुर्चीवर बसली. मग वही मिटून तिनं जिथून काढली होती तिथंच ठेवली आणि वरचे कपडे आई ठेवायची तसे, कड जुळवून, सारखे केले. जाताना दारात म्हणाली, "आईला कळलं होतं का हो?"

"माहीत नाही," परिचर म्हणाला. "ती शोधत होती."

त्यानं बाईंना कळवलं की रोजनिशी काही सापडत नाही. बाईंनी मान हलवली. शेवटच्या आठवड्यात त्याच्यापुढं दोनच बरगड्या उरल्या होत्या. क्रम मोडून त्यानं त्या मागं ठेवल्या होत्या. एकशे सतरा त्यानं सकाळी पुसली. एकशे एकोणीस दुपारी घेतली. नऊची आखडती शेपटी शेवटपर्यंत राहिली, मग तीही कापसावर आली. त्यानं हात धुतले आणि हजेरीवर सही केली.

निरोपाचा चहा झाला. नव्या संचालकांनी प्रमाणपत्र वाचून दाखवलं: सेवा एकतीस वर्षे, वर्तन समाधानकारक, सेवाकाळात एक अस्थी गहाळ. कुणीतरी मागून म्हणालं, "एकशे अठरा, आता तरी सांग, कुत्र्याचं नाव काय?" सगळे हसले, परिचरही हसला. म्हातारी नव्या सापळ्यावर उभी राहिली आहे. नवी यादी छापून आली, तिच्यात जुन्या यादीवरून उतरवून घेतलेली ओळ आहे: '११८. बरगडी, डावी, अपूर्ण. सध्या उपलब्ध नाही.'

म्हातारीच्या डाव्या बाजूला एकोणीस बरगड्या आहेत. खाणीतून आल्या तेव्हाही एकोणीसच होत्या.